बाराव्या दिवसाचा चुना

नव्वदच्या दशकातली आठ वर्षं मी एका दैनिकाच्या नाशिक कचेरीत उपसंपादक होतो. काम कापण्याचं होतं. कोण, काय, कुठे, कधी एवढं ठेवायचं, बाकीचं काढायचं. पुढे आमची पानं दुसऱ्या शहरातून निघू लागली आणि सहा जणांना निरोप मिळाला. त्यात मी होतो. नंतर मुद्रितं तपासली, निविदांची भाषांतरं केली, एका साखर कारखान्याचा अहवाल लिहून दिला. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा ओळखीच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं की धरणात माशांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना नोंदी ठेवायला माणूस हवा आहे. पोहता येण्याची अट नव्हती. अक्षर वाचता येईल असं हवं होतं.

बाई दुसऱ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत होत्या. वय चाळिशीच्या आसपास. बोलणं कमी. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. अभ्यास शिंगाळ्याचा होता. हा मिशावाला मोठा मासा धरणाच्या तळाशी मातीत खड्डा करून अंडी घालतो आणि नर त्या खड्ड्याची राखण करतो. आणि मासेमारीला बंदी असते ती पावसाळ्यात. शिंगाळा चैत्र-वैशाखातच अंडी घालतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा जाळी सर्रास पडत असतात. नर जाळ्यात गेला की खड्डा उघडा पडतो.

"हे सगळ्या कोळ्यांना माहीत आहे," त्या म्हणाल्या. "कागदावर कुठेच नाही. नर पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबतो का, एवढं रोज बघून लिहायचं आहे. सलग. मधला दिवस चुकला तर मधे काय झालं हे कुणीही काहीही म्हणेल."

आदल्या वर्षी त्यांनी हेच साध्या नळकांड्याने करून पाहिलं होतं. पाठीवरच्या नळकांड्यातली हवा घ्यायची आणि उच्छ्वास पाण्यात सोडायचा. त्याचे बुडबुडे उठतात, आवाज होतो. नर बिचकून बाजूला झाला. तेवढ्यात लहान मासे खड्ड्यात शिरले आणि अंडी संपली. म्हणजे बघायला गेल्यामुळेच जे बघायचं ते नाहीसं झालं. म्हणून या वर्षी त्यांनी संस्थेकडून एक जुनं बंद यंत्र मागून आणलं होतं. त्यात उच्छ्वास बाहेर जातच नाही. तो दोन जाड नळ्यांतून फिरतो, एका डब्यात भरलेल्या चुन्याच्या दाण्यांतून जातो, चुना त्यातला वाईट वायू शोषून घेतो, यंत्र थोडा ऑक्सिजन घालतं आणि तोच श्वास माणसाकडे परत येतो. बुडबुडा एकही नाही. सगळा भरवसा त्या डब्यातल्या चुन्यावर.

आम्ही धरणाच्या काठावरच्या एका जुन्या विश्रामगृहाच्या दोन खोल्यांत राहत होतो. दिंडोरीकडून येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांची खरड छाटणी चालू होती, बांधावर काड्यांचे ढीग पडले होते. दिवसाचा क्रम एकच होता. सकाळी साडेसहाला होडी. सातला बाई पाण्यात. पाऊण तासाने वर. मग यंत्र धुणं, नळ्या उलट्या टांगून वाळवणं, नळकांडी तपासणं, नोंदी साफ अक्षरात उतरवणं. दुपारी ऊन इतकं असायचं की कुणी काही बोलत नसे. तिसऱ्या दिवसापासून मला पहिल्या आणि दुसऱ्या दिवसातला फरक आठवेनासा झाला. वही होती म्हणून बरं.

होडी एका म्हाताऱ्या कोळ्याची होती. त्याला आम्ही मामा म्हणायचो. शिंगाळ्याचा खड्डा त्यानेच दाखवला होता. पाण्याखाली गेलेल्या एका भाताच्या खाचराच्या बांधाचा कोपरा होता तो. खाचर त्याच्या चुलत्याचं.

माझं काम होडीत बसून दोरी धरायचं. दोरीचं दुसरं टोक बाईंच्या कमरेला. दर पाच मिनिटांनी मी एक हिसका द्यायचा, त्यांनी खालून एक द्यायचा. खालून तीन आले की ओढायचं. प्रत्येक हिसक्याची वेळ वहीत. साध्या नळकांड्याने बुडी मारणाऱ्या माणसावर वरून लक्ष ठेवणं सोपं असतं. बुडबुडे कुठे आहेत ते बघायचं. इथे बघायला काही नव्हतं. पाणी सपाट. कधी एखादी पाणकोंबडी. पाऊण तास मी त्या सपाट पाण्याकडे बघत असे, आणि त्यात काही नसणं म्हणजेच सगळं ठीक असणं, हे रोज नव्याने स्वतःला समजावत असे.

मामांना ते पटत नसे.

"काय पेपरवाले, बाई खाली हाय का मागल्या दारानं घरी गेली?"

"खालीच आहेत, मामा."

"मग वर काय तरी दिसाया नको? एकलहऱ्याच्या पावर हाऊसची चिमणी बी धूर सोडती. तुमची बाई कायच सोडत नाय."

"मासा घाबरतो म्हणून."

"माशापायी माणसानं श्वास कोंडायचा. लय शिकल्याली माणसं तुम्ही." मग ते तंबाखू काढायचे आणि डब्याकडे मान करून विचारायचे, "तुमच्या त्या चुन्यातला चिमूटभर द्या की. दोन कामं होतील."

"तोंड भाजेल."

"माझं भाजंल म्हणता, आन् बाईला त्याच्यातून श्वास घ्यायला लावता!"

बाईंचा नियम असा होता: एक भरण नव्वद मिनिटं, म्हणजे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी डबा रिकामा करून नवा चुना. मिनिटांची बेरीज मी ठेवायची. शेवटचं भरण अर्धंच निघाल्याने सातव्या दिवशी आमचा चुना संपला. नवा डबा मुंबईहून निघाला होता आणि कुठल्यातरी ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून होता. मी दोनदा एसटीडी बूथवर जाऊन फोन केले. उद्या पोचेल, असं दोन्ही वेळा सांगितलं गेलं. आठव्या दिवसासाठी बाईंनी नाशिकमधल्या ओळखीच्या एका भूलतज्ज्ञांना विचारलं. ऑपरेशनच्या वेळी भूल देण्याच्या यंत्रातही असाच चुना वापरतात. डॉक्टरांनी तीन भरणांपुरता दिला. आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा. पंधरा दिवसांचं काम होतं. शेवटचे दोन दिवस उघडे राहत होते.

हा चुना आमच्यापेक्षा वेगळा होता. आमच्या दाण्यांना रंग नव्हता. हे दाणे पांढरे असतात आणि संपत आले की जांभळे होतात. चुना आणायला मी गेलो होतो. दवाखान्यातल्या तंत्रज्ञाने डबा हातात देताना सांगितलं, "एकदम सोपं. जांभळा झाला की फेकायचा." मी ते वाक्य तसंच्या तसं वहीत उतरवलं, पुढे त्याचा हुद्दाही लिहिला. वर्तमानपत्रात याला आम्ही बातमीचा आधार म्हणायचो.

नर रोज जागेवर होता. नवव्या दिवशी पिल्लं दिसू लागली. दहाव्या दिवशी बाई वर आल्या तेव्हा त्यांनी तोंडातली नळी काढून पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "तो खड्ड्यातला गाळ शेपटीने झाडतो. रोज." त्या थकल्या होत्या. डोळ्यांखाली मुखवट्याची खूण आता दिवसभर जात नसे. त्याच दिवशी कालव्याच्या आवर्तनाची खबर आली. आठवड्याभरात पाणी सोडणार होते. आधीच पाणी रोज उतरत होतं. खड्डा सुरुवातीला पाच मीटरवर होता, आता साडेतीनवर आला होता. आवर्तन सुरू झालं की तो कोपरा उघडा पडणार. पिल्लांनी त्याआधी निघायला हवं होतं, आणि आम्ही ती निघताना बघायला हवं होतं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी मी डबा उघडला. भारनियमन चालू होतं. विजेरीच्या उजेडात वरचा थर जांभळा दिसला. नव्वद मिनिटं पूर्ण झालीच होती. डबा रिकामा करून भरायचा होता. मी वहीत लिहिलं: रंग जांभळा, वरचा थर. आणि डबा तसाच ठेवला. सकाळी भरू म्हटलं. त्या दिवशी आणखी कुठलंही काम करायची ताकद माझ्यात नव्हती. हे कारण आहे, सबब नाही.

सकाळी सव्वासहाला डबा उन्हाच्या पहिल्या उजेडात धरला. चुना पांढरा होता. मी चमच्याने खालीवर केला. सगळा पांढरा.

मी काय विचार केला ते मला नेमकं आठवतं. आदल्या संध्याकाळी उजेड वाईट होता. विजेरीच्या उजेडात पांढऱ्याचा काय रंग दिसेल सांगता येत नाही. आता मी नीट उजेडात, स्वतःच्या डोळ्यांनी बघत होतो. दोन खबरा एकमेकींच्या विरुद्ध असतील तर ताजी आणि स्वच्छ ती ठेवायची, हे मी आठ वर्षं केलं होतं. मी 'जांभळा' या शब्दावर एक रेघ मारली आणि पुढे 'पांढरा' लिहिलं. एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे अशी आमच्याकडे पद्धत होती.

मग मी बाईंकडे गेलो.

"चुना अजून पांढरा आहे," मी म्हणालो. "हाच आज आणि उद्या चालवला तर नवं भरण चौदा-पंधराला राहतं."

त्यांनी डबा हातात घेतला. बराच वेळ बघितला. "नव्वद झालीत ना?"

"नव्वद झाली. पण रंग बदललेला नाही."

काल संध्याकाळी तो जांभळा दिसला होता, हे मी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. माझ्या लेखी ती चुकीची नोंद होती आणि ती दुरुस्त झाली होती.

त्या म्हणाल्या, "आजचा एक दिवस. उद्याचं उद्या बघू." नियम त्यांचा होता आणि तो त्यांनी मोडला. पण मोडताना त्यांच्यासमोर अर्धीच माहिती होती.

होडीत बसून, नाकाला चिमटा लावून, त्या पाच मिनिटं यंत्रातून श्वास घेत बसल्या. रोज बसत. काही बिघडलं असेल तर कळावं म्हणून. काही कळलं नाही. सात वाजून दोन मिनिटांनी त्या पाण्यात गेल्या.

सात-सातला हिसका दिला, उत्तर आलं. सात-बाराला आलं. सात-सतराला उत्तर आलं, पण दोन हिसके आले. दोन म्हणजे काय ते ठरलेलं नव्हतं. मी वहीत लिहिलं: दोन.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"काही नाही. दोन आले."

"दोन म्हंजे?"

"दोन म्हणजे काही नाही."

मामांनी तंबाखू मळायची थांबवली. सात-बावीसला मी हिसका दिला. उत्तर आलं नाही. मी पुन्हा दिला. दोरी जड वाटली, मग सैल. मामा होडीच्या कडेवरून वाकून बघत होते. आणि मग होडीपासून सात-आठ हातांवर पाणी उकळल्यासारखं झालं.

"आले, आले! पेपरवाले, बुडबुडं आले बघा!" मामा अक्षरशः हसले. बारा दिवस ज्याची वाट पाहिली ते त्यांना दिसलं होतं. "हाय, बाई खाली हाय!"

बुडबुडे याचा अर्थ एकच होता. बाईंनी यंत्राची नळी तोंडातून काढून कुशीला बांधलेल्या लहान साध्या नळकांड्याची नळी घेतली होती. ते नळकांडं फक्त यंत्राने दगा दिला तर वापरायचं होतं. मी ओढायला लागलो. तीन हिसके त्यानंतर आले.

"मामा, ओढा."

"का? आता तर..."

"ओढा म्हटलं ना!"

त्या वर आल्या तेव्हा चेहरा लाल होता आणि श्वास इतका जलद की शब्द मधे बसत नव्हता. होडीची कड धरली, पण चढता येईना. मामांनी पाठीच्या पट्ट्याला हात घातला आणि त्यांना यंत्रासकट आत ओढलं. त्यांना उलटी झाली. "डोकं," त्या म्हणाल्या. नंतर, "तो आहे." मला वाटलं त्या भ्रमात आहेत. त्या नराबद्दल सांगत होत्या. मामांनी आपलं उपरणं भिजवून त्यांच्या कपाळावर ठेवलं आणि होडी काठाकडे वल्हवायला घेतली.

जीपने नाशिकला दीड तास लागला. भूलतज्ज्ञांनीच तपासलं. बाई तोवर नीट बोलत होत्या, फक्त डोकं ठणकत होतं. वाईट वायू अंगात साठला होता. आणखी थोडा वेळ खाली राहिल्या असत्या तर शुद्ध गेली असती, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग ते माझ्याकडे वळले.

"किती मिनिटं झाला होता चुना?"

मी वही उघडली. "आज धरून एकशे दहा."

"रंग?"

"सकाळी पांढरा."

"आणि काल काढला तेव्हा?"

मी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी रेघेखालचा शब्द वाचला.

"हा रंग यंत्र चालू असताना बघायचा असतो," ते म्हणाले. "काढून ठेवला की रात्रीत परत पांढरा होतो. दमलेला माणूस झोपून उठला की ताजा दिसतो ना, तसा. दिसतो फक्त. कामाला लावला की बसतो. तुम्हाला सांगितलं नाही कुणी?"

"जांभळा झाला की फेकायचा, असं सांगितलं होतं."

"मग झाला होता की."

तोवर वही बाईंनी मागून घेतली होती. त्यांनी ते पान वाचलं, मिटलं, माझ्याकडे परत दिलं.

परतताना जीपमध्ये बराच वेळ त्या डोळे मिटून होत्या. धरणाचा फाटा आला तेव्हा म्हणाल्या, "आजचं लिहिलंत?"

"वेळा लिहिल्यात. बाकी नाही."

"लिहा. सगळं लिहा. संस्थेला आजच फॅक्स करायचाय."

"फॅक्स गेला की काम थांबेल."

"थांबेल."

"तीनच दिवस राहिलेत. नवं भरण आहे अजून. तुम्ही बऱ्या झालात तर परवा..."

"परवा मी बरी दिसेन," त्या म्हणाल्या. मग वहीकडे बोट करून, "ते खोडलेलं तसंच राहू द्या. नवीन पानावर उतरवू नका."

मी विश्रामगृहाच्या ओसरीवर बसून अकरा ओळी लिहिल्या. जांभळा रंग कुणी पाहिला, कुणी खोडला, कुणी सांगितला नाही. वर्तमानपत्रात खुलासे आतल्या पानावर, तळाशी, लहान टायपात जातात आणि त्यात चूक करणाऱ्याचं नाव नसतं. इथे मी माझं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चौकशी होईपर्यंत सर्व बुड्या बंद. यंत्र पेटीत घालून परत पाठवावं.

त्याच दिवशी दुपारी मुंबईचा चुना पोचला. डब्यावरचं सीलही तुटलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस बाई सकाळी सातला काठावर जाऊन बसत. पाणी गढूळ होतं, वरून काही दिसत नव्हतं. मामा होडी लांब ठेवून एका जुन्या खुंटाला धरून उभे राहायचे. चौदाव्या दिवशी ते सांगत आले, "काल होता. शेपटीनं गाळ उडत व्हता कोपऱ्यात. आज नाय. नर बी नाय, पिल्लं बी नाय."

"तुम्ही पाहिलं?" मी विचारलं.

"गाळ पाहिला ना."

मी लिहिलं: नावाड्याने सांगितले. आवर्तन सोळाव्या दिवशी सुरू झालं. अठराव्या दिवशी तो कोपरा उघडा पडला आणि आम्ही तिघं चिखलातून तिथवर गेलो. खड्डा परातीएवढा होता, कड गुळगुळीत. आत काही नव्हतं. एक वाळकं पान, तेही वाऱ्याने आलेलं.

"बघा," मामा म्हणाले. "एक बी मेल्यालं नाय. नेली त्यानं सगळी."

बाई खाली वाकून बघत राहिल्या. "नेली, की दुसऱ्यांनी खाल्ली, हे खड्डा सांगत नाही मामा."

"मग कोण सांगनार?"

बाई सरळ उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "लिहा. खड्डा रिकामा." अहवालात पुढे एवढंच गेलं की बाराव्या दिवसापर्यंत नर जागेवर होता, त्यानंतर निरीक्षण नाही. बंदीचे दिवस बदलले नाहीत. बाईंची बदली झाली, त्यांना यंत्र पुन्हा मिळालं की नाही मला ठाऊक नाही. मी पुन्हा मुद्रितं तपासू लागलो.

तीन-चार वर्षांनी पंचवटीत भाजीबाजाराजवळ मामा भेटले. सुनेबरोबर आले होते, पिशवी धरून सावलीला उभे. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"पेपरवाले! अजून लिहिता का खोडता?"

"दोन्ही."

बाईंची चौकशी केली. मग आपणहून म्हणाले, "त्या कोपऱ्यात मी जाळं टाकत नाय आता. वैशाख सरेपर्यंत."

"बाकीचे?"

"टाकतात की. त्यांना काय." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुमची वही अर्धी ऱ्हायली. तवर माझ्याकडून एवढंच."

हे त्यांनी सांगितलं. मी पाहिलेलं नाही.